अंथरूण नको, आधार द्या : वार्धक्य आणि भौतिकोपचार

आयुष्य लाभले तर वार्धक्य प्रत्येकाला येणारच. ते टाळता येत नाही. परंतु म्हातारपण म्हणजे अंथरुणाला खिळणे, ही आपली समजूत मात्र टाळता येण्यासारखी आहे. त्या समजुतीची किंमत आमच्या घराने मोजली आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

मी डॉक्टर नाही, बँकेत कारकून आहे. दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला आमच्या खिडकीशी येतात. एका वर्षी स्वतः चालत आलेले गृहस्थ पुढच्या वर्षी मुलाच्या खांद्याला धरून येतात. त्यापुढच्या वर्षी मुलगा एकटाच येऊन विचारतो, "घरी कोणी येऊन सही घेईल का?" हयात असणे आणि हिंडते-फिरते असणे यांत किती अंतर आहे, हे त्या खिडकीतून चांगले दिसते.

माझी आई बहात्तराव्या वर्षी मोरीत घसरून पडली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावले होते, "यांना रोज उभे करा, वॉकर धरून चालवा." पण आम्हा भावंडांना तिची कणव आली. जन्मभर राबली, आता तरी आराम करू दे, असे म्हणून आम्ही तिला तीन आठवडे निजवून ठेवले. भरवणे, पुसणे, भांडे देणे, सर्व काही जागेवर. "मला मोरीपर्यंत तरी जाऊ दे रे," असे ती म्हणे आणि आम्ही तिलाच दटावत असू. शेवटी पाठीला जखम झाली, पाय काटकीसारखे झाले. तेव्हा घरी आलेल्या भौतिकोपचार तज्ज्ञ बाई म्हणाल्या, "तुम्ही सेवा खूप केलीत, पण त्यांच्या पायांना कामच ठेवले नाहीत." पुढे आई वॉकर धरून गॅलरीपर्यंत येऊ लागली, त्याला तीन महिने लागले. बाजारात मात्र ती पुन्हा कधी गेली नाही.

असे का होते? स्नायू वापरले नाहीत तर ते झिजतात, आणि वृद्धांमध्ये ही झीज फार वेगाने होते. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सरासरी ६७ वर्षे वयाच्या निरोगी माणसांना केवळ १० दिवस अंथरुणात ठेवले, तर त्यांच्या पायांतील सुमारे एक किलो मांस घटले. आजारी माणसाचे काय होत असेल, याची कल्पना करावी. याशिवाय पडून राहिल्याने बद्धकोष्ठ, छातीत कफ साठणे, पायांत रक्ताच्या गुठळ्या होणे हे धोके असतातच.

दुसरी बाजू आशादायक आहे. १९९० साली बोस्टन येथे ८६ ते ९६ वर्षांच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला गेला. ज्यांनी तो पुरा केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी अडीच पटीहून अधिक झाली. म्हणजे नव्वदीतही स्नायू शिकतात. त्यांना शिकवणारा पाहिजे.

घरातील वडीलधाऱ्यांची एक साधी चाचणी आपण घेऊ शकतो. खुर्चीवरून उठावे, नेहमीच्या चालीने तीन मीटर चालावे, वळून परत येऊन बसावे. याला १२ सेकंदांहून अधिक वेळ लागला तर पडण्याचा धोका आहे असे समजून तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. चाचणी घेताना आपण शेजारी उभे राहावे.

सल्ला घेऊन घरी करण्याजोगे काही व्यायाम असे :

१) निजल्या निजल्या दोन्ही पावले वर-खाली हलवणे.

२) गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबणे.

३) भक्कम खुर्चीवरून उठणे व सावकाश बसणे. जमेल तसतसा हाताचा आधार कमी करावा.

४) स्वयंपाकाचा ओटा धरून टाचा उचलणे आणि तोल सांभाळणे.

छातीत दुखले, चक्कर आली किंवा दम लागला तर लगेच थांबावे. काठी नेहमी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. जिना चढताना आधी चांगला पाय आणि उतरताना आधी दुखरा पाय टाकावा.

घरही थोडे सुधारावे. मोरी कोरडी ठेवावी, भिंतीला धरायला दांडा बसवावा, आंघोळीला स्टूल द्यावे, रात्री बारीक दिवा ठेवावा आणि सरकणारे पायपुसणे काढून टाकावे. चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा. ताटात डाळ, दूध, चालत असल्यास अंडे असावे. उपाशी स्नायूला व्यायाम काय करणार?

खर्चाची धास्ती अनेकांना वाटते. मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात १९५३ पासून भौतिकोपचाराचे शिक्षण दिले जाते आणि हाजी अली येथे १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. २०१०-११ पासूनच्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांतून वृद्धांसाठी भौतिकोपचाराची तरतूद आहे. तेथे चौकशी अवश्य करावी. आपल्या समाजमंदिरातही आठवड्यातून दोन सकाळी ज्येष्ठांना एकत्र बसवून, एखाद्या तज्ज्ञाच्या देखरेखीखाली हे व्यायाम घेता येतील. त्यासाठी लागतात फक्त भक्कम खुर्च्या आणि तरुणांचा तासभर वेळ.

ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला. तिकीट माफ झाले, पण बसची पायरी ज्याची त्यालाच चढावी लागते. आपल्या आईवडिलांना ती चढता यावी इतके बळ त्यांच्या पायांत राखणे, हीच त्यांची खरी सेवा होय. त्यांचे प्रत्येक काम हातातून काढून घेऊ नका. त्यांना उठू द्या. आपण फक्त शेजारी उभे राहा.