त्रिखंडी जीवाश्म कसा पाहावा

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकास वसलेल्या चंदगड तालुक्यात काळा पाषाण आणि जांभा विपुल आहे. परंतु ट्रायलोबाइट या सागरी प्राण्याचा जीवाश्म तेथे सापडण्याची आशा नाही. काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. ट्रायलोबाइट तर सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच नामशेष झाले होते. तेव्हा शिवारात मिळालेल्या दगडावरील पानासारखी नक्षी पाहून हुरळून जाऊ नये. ती बहुधा मँगॅनीजची असते. भारतात हे अवशेष हिमालयातील स्पिती खोऱ्यात मिळतात. हेडन यांनी तेथे जमविलेल्या नमुन्यांचे रीड यांनी केलेले वर्णन १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या शाळांना मात्र प्रतिकृतीवर किंवा चित्रावरच भागवावे लागते.

पहिली चूक नावापाशीच होते. शीर्ष, वक्ष आणि पुच्छ असे तीन भाग म्हणून 'त्रिखंडी', असे विद्यार्थी सांगतात. वस्तुतः हे नाव उभ्या विभागणीवरून पडले आहे. डोक्यापासून शेपटीपर्यंत दोन खोलगट रेषा जातात. त्यांच्यामध्ये उंच कणा व दोन्ही बाजूंस पसरट पाखे, असे हे तीन खंड होत.

शीर्षावर कण्याचा पुढचा भाग फुगीर असतो. जठर त्याखाली असे. त्याच्या दोहों बाजूंस संयुक्त नेत्र असून त्यांची भिंगे कॅल्साइट या खनिजाची होती. काही जातींना नेत्रच नव्हते, हेही सांगावे. वक्षाचे खंड एकमेकांत सुटे जोडलेले असल्यामुळे कित्येक जातींना पावसाळ्यातील वाणी किड्याप्रमाणे अंगाचे वेटोळे करता येई. पुच्छाचे खंड मात्र एकजीव झालेले असतात. पाय व स्पर्शिका कठीण कवचाच्या नसल्याने क्वचितच टिकतात. म्हणून त्या प्राण्याला पाय नव्हते असे लिहिणे चुकीचे ठरेल.

चंदगडच्या ओढ्यांतील खेकडा कात टाकतो हे तेथील मुलांना ठाऊक असते. ट्रायलोबाइटही तसेच करीत. बहुतेक जातींत शीर्षावरील सांधे उकलून गालांचे तुकडे सुटत व प्राणी बाहेर पडे. एकाच प्राण्याच्या अशा अनेक काती मागे राहत. म्हणून गाल नसलेल्या नमुन्यापुढे केवळ 'तुटलेला' अशी नोंद न करता कोणता भाग नाही ते लिहावे; ती टाकलेली कातही असू शकेल.