रथकाराचे चाक आणि पद्मिनीचे सस्पेन्शन

अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात एका रथकाराची कथा आहे. वाराणसीजवळच्या ऋषिपतनात भगवान बुद्धांनी ती भिक्खूंना सांगितली. पचेतन नावाच्या राजाने आपल्या रथकाराला, सहा महिन्यांनी युद्ध होणार आहे, तोवर चाकांची नवी जोडी कर, अशी आज्ञा केली. मुदतीला सहा दिवस उरले तेव्हा एकच चाक तयार होते. दुसरे त्याने उरलेल्या सहा दिवसांत पुरे केले. राजाला दोन्ही चाकांत काहीच फरक दिसेना. तेव्हा रथकाराने ती जमिनीवर सोडून दाखवली. घाईने केलेले चाक वेग होता तोवर धावले आणि मग गिरकी घेऊन कोसळले. दुसरे चाक वेग संपल्यावर जणू आसावर बसवलेले असावे तसे स्थिर उभे राहिले. कोसळलेल्या चाकाच्या धावेत, आऱ्यांत आणि तुंब्यात वाकडेपणा राहून गेला होता. काया, वाचा आणि मन यांतील वाकडेपणा असाच काढून टाकावा लागतो, हा त्या कथेचा उपदेश.

जुन्या मोटारीचे पुढचे सस्पेन्शन घरी खोलून पुन्हा बांधू इच्छिणाऱ्याने ही कथा प्रथम वाचावी, असे मला वाटते. या कामातील दोषही डोळ्यांना दिसत नाहीत. ते धावताना दिसतात आणि त्या वेळी गाडीत माणसे बसलेली असतात.

उदाहरणादाखल आपण प्रीमियर पद्मिनी घेऊ. वालचंद समूहाच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ला येथील कारखान्यात बांधलेली ही गाडी मूळची इटलीच्या फियाट ११०० ची. तिचे इंजिन १०८९ सीसीचे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती घरोघरी परिचित झाली आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस टॅक्सीच्या सेवेतून निवृत्त झाली. या स्मरणिकेच्या वाचकांपैकी काहींच्या घरची चूल तिच्याच भाड्यावर पेटली असेल. आज हौसेने जपलेल्या पद्मिनी पुष्कळ आहेत.

रचना

पुढच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र हालचाल असते. वर एक आणि खाली एक असे दोन त्रिकोणी बाहू, म्हणजे विशबोन, चाकाला सांगाड्याशी जोडतात. वेढ्यांची स्प्रिंग गाडीचा भार तोलते. शॉकअप त्या स्प्रिंगचे उसळणे शमवतो. उभ्या किंग पिनवर चाक डावी-उजवीकडे वळते आणि पिनेभोवती काशाचे बुश असतात. स्प्रिंग, शॉकअप, किंग पिन आणि बाहूंच्या सांध्यांतील बुश, या चार गोष्टी समजल्या की बाकीची रचना समजते.

निदान

खोलण्याआधी दोष नेमका कोठे आहे ते शोधावे. गाडीचा पुढचा भाग उचलून चाक अधांतरी करावे. चाक घड्याळाची तबकडी आहे असे मानून, १२ आणि ६ च्या जागी दोन्ही हातांनी धरावे व आत-बाहेर हलवून पाहावे. खडखड जाणवल्यास साथीदाराला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये आहे. तशीच राहिली तर किंग पिन किंवा बाहूंचे बुश झिजले आहेत. नंतर ३ आणि ९ च्या जागी धरून हलवावे. तेथील सैलपणा बहुधा स्टीअरिंगच्या सांध्यांचा असतो. एवढ्या परीक्षेने पुष्कळदा अनावश्यक खर्च टळतो.

किंचित झीज एवढी का जाणवते, हे साध्या प्रमाणाने कळते. समजा, किंग पिनेचे वरचे आणि खालचे बुश एकमेकांपासून १२ सेंटिमीटरवर आहेत आणि टायरचा व्यास ६० सेंटिमीटर आहे. मग बुशमधील ०.२ मिलिमीटरचा कल टायरच्या कडेशी पाचपट, म्हणजे १ मिलिमीटर होतो. संस्कृत ‘सुख’ आणि ‘दुःख’ या शब्दांची एक व्युत्पत्ती काही अभ्यासक अशी देतात: ‘ख’ म्हणजे चाकाच्या तुंब्यातील आसाचे छिद्र, ते नीट असेल तर सुख, बिघडलेले असेल तर दुःख. झिजलेल्या बुशची गाडी चालवणाऱ्याला ही व्युत्पत्ती निराळी समजावून द्यावी लागत नाही.

सुरक्षितता

गाडीचे वजन सुमारे ९०० किलो. निम्मा भार पुढे धरला तर प्रत्येक पुढच्या चाकावर सुमारे २२५ किलो येतात. स्प्रिंग विशबोनच्या मध्यावर टेकली आहे असे समजल्यास, तरफेच्या नियमाने तिच्यावरचे बळ दुप्पट, म्हणजे ४५० किलोंच्या भाराइतके होते. चाक उचलल्यावर हा ताण घटतो, पण नाहीसा होत नाही. अशी स्प्रिंग अचानक सुटली तर ती जीव घेऊ शकते.

म्हणून नियम असे. जमीन सपाट आणि पक्की असावी. मागच्या चाकांना ओट लावावी. जॅक फक्त उचलण्यासाठी वापरावा; गाडी पेलण्यासाठी दोन भक्कम लोखंडी घोड्या लावाव्यात, विटा किंवा दगड कधीही लावू नयेत. स्प्रिंग दाबून धरण्याचे योग्य साधन जवळ नसेल तर तेवढे काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे. काम एकट्याने करू नये. जुन्या ब्रेकच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती फुंकून वा हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

खोलणे आणि तपासणे

एका वेळी एकच बाजू खोलावी. दुसरी बाजू जोडलेली असली की तोच आपला नकाशा असतो. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढावे. नट-बोल्ट खुणेच्या डब्यांत ठेवावेत. बाहूंच्या बुडाशी पत्र्याच्या पातळ चकत्या, म्हणजे शिम, आढळल्यास त्या कोठे व किती होत्या हे वहीत लिहावे. चाकाचा कल त्यांवरच ठरतो. ब्रेकची जोडणी तिच्या रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये, तारेने बांधून ठेवावी.

सुटलेले भाग रॉकेलने स्वच्छ धुऊन कोरडे करावेत. घाण गेल्यावरच तडे दिसतात. विशबोन वाकले आहे का, बोल्टची भोके लांबट झाली आहेत का, सांगाड्याचा पत्रा गंजून पोकळ झाला आहे का, हे पाहावे. गंजलेल्या पत्र्यावर नवे भाग चढवणे व्यर्थ आहे. आधी त्याची दुरुस्ती झाली पाहिजे. दोन्ही स्प्रिंगांची मोकळी उंची मोजावी. एक बसली असेल तर जोडीच बदलावी, नाहीतर गाडी एका अंगाला झुकते. शॉकअपमधून तेल गळत असल्यास तोही जोडीनेच बदलावा.

किंग पिनेचा नवा बुश ठोकून बसवला की काम संपले, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात बुश दाबून बसवल्यावर त्याचे छिद्र किंचित आवळते. ते रीमरने पिनेच्या मापाला आणावे लागते, आणि वरचा व खालचा बुश एकाच रेषेत यावे लागतात. हे काम चांगल्या टर्नरच्या लेथवर करून घेणेच योग्य. बुशमधील ग्रीसचे भोक ग्रीस निपलच्या भोकाशी जुळले आहे का, हे मात्र स्वतः पाहावे. ते जुळले नसेल तर नवा बुशही कोरडाच राहून लवकर झिजतो.

जोडणी

बैलगाडीच्या आसाला वंगण लागते तसेच येथेही. नव्या सांध्यांत ग्रीस भरताना चाक अधांतरी ठेवावे, म्हणजे भार पेलणाऱ्या पृष्ठापर्यंत ते पोहोचते. स्प्लिट पिन नेहमी नवी वापरावी. नट उत्पादकाच्या पुस्तिकेतील बळाने, टॉर्क पान्याने आवळावेत.

जेथे रबरी बुश आहेत तेथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. ते नट प्रथम बेताने लावावेत. गाडी चाकांवर उतरवून, पुढचा भाग दोन-चार वेळा दाबून सोडावा आणि मगच नट शेवटचे आवळावेत. चाक लोंबकळत असताना आवळल्यास रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

शेवटी पुढच्या दोन्ही चाकांतील अंतर, तुंब्याच्या उंचीवर, पुढून आणि मागून मोजावे. घरच्या मापाने गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सावकाश नेता येते. अंतिम जुळणी मात्र तेथेच करावी. पहिल्या काही फेऱ्यांनंतर सर्व नट पुन्हा तपासावेत.

समारोप

रथकाराच्या कथेचा शेवट सांगावयाचा राहिला. तो रथकार मीच होतो, असे बुद्ध म्हणतात. तत्कालीन समाज ज्या कुळांना हीन मानी, त्यांच्या यादीत त्रिपिटकातच चांडाळ आणि पुक्कुस यांच्याबरोबर रथकाराचे कुळ येते. त्या कुळातील कारागिराशी भगवंतांनी स्वतःची एकरूपता सांगितली आणि त्याच्या कसबालाच चित्तशुद्धीचा दाखला केले. हाताने काम करणाऱ्याला ज्ञान नाकारणाऱ्या आणि ज्ञानवंताला हात मळू न देणाऱ्या व्यवस्थेत आपल्या पूर्वजांच्या पिढ्या गेल्या. वसतिगृहात शिकणाऱ्या मुलामुलींनी पदवी अवश्य मिळवावी. पण तरफेचा नियम फळ्यावर लिहिणारा हात पानाही धरू शकतो, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवाने जाणावे. आणि ज्यांच्या घरात गॅरेजची कमाई आहे, त्यांनी ते सांगताना मान खाली घालू नये.

स्वाध्याय

१. ब्रेक दाबल्यावर चाकाची खडखड थांबते. दोष कोठे आहे? कारण सांगा.
२. स्प्रिंग विशबोनच्या एक तृतीयांश लांबीवर, सांगाड्याच्या बाजूला टेकली असेल, तर तिच्यावरील बळ चाकावरील भाराच्या किती पट होईल?
३. रबरी बुशचे नट गाडी जमिनीवर उतरवल्यानंतरच का आवळावेत?
४. राजाला दोन चाकांतील फरक का दिसला नाही? आपल्या परिसरातील एखाद्या कारागिराशी बोलून, त्याच्या कामातील असा न दिसणारा दोष कोणता, ते लिहा.