छपराखालचा उन्हाळा

चैत्रांतील दुपारीं पौडला पत्र्याच्या छपराखालीं उभें राहिल्यास डोक्यावरून झळ लागते. तापलेला पत्रा उष्णता खालीं टाकतो. मग भिंती कितीही जाड असोत! कौलांच्या फटींतून मात्र ऊन हवा वर निसटते.

मुंबईच्या कापडगिरण्यांचीं छपरें बहुधा करवतीच्या दात्यांसारखीं असत. उत्तरेच्या कांचांतून उजेड येई. दक्षिणेचें ऊन छपराच्या पाठीवर अडे. १९०५ सालीं स्थापन झालेल्या फिनिक्स गिरणीच्या आवारांत आज मोठा बाजार आहे.

जुन्या कारखान्यांत शाळा वा कचेरी थाटतांना आपण भिंती रंगवितों, छप्पर विसरतों. पत्र्यावर पांढरा चुना, खालीं तक्तपोशी व आढ्याशीं झरोका असावा. मुळशीच्या पावसांत चुना धुऊन जातो. तो दरसाल द्यावा. ऊन प्रथम छपरावर पडतें; डागडुजीही तेथूनच आरंभावी, असें आम्हांस वाटतें.