कालव्याच्या कडेनं वालचंदनगर

भाची : मामा, रविवारी वालचंदनगरला चला म्हणताय, पण तिथं बघायचं काय? कारखानाच ना?

मामा : कारखान्यात पासाशिवाय कोण सोडतंय! जंक्शन नावाच्या गावावरून आत वळायचं आणि आधी कालवा गाठायचा.

भाची : कालव्यात काय बघायचं?

मामा : अगं, सगळं त्या पाण्यानंच घडवलं. भाटघर धरणाचं पाणी नीरा डाव्या कालव्यानं इकडं आलं 1880च्या दशकात. तोवर हा मुलूख ज्वारी-बाजरीचा, तीही पाऊस पडला तर. पाण्यामागं ऊस आला. पण साखर यायची जावा बेटावरून. 1932 साली परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसली आणि देशभर कारखाने निघाले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी कळंबच्या माळावर ऊस लावलाच होता. कारखाना काढला, कामगारांना घरं बांधली. गावाला नाव त्यांचंच पडलं.

भाची : मग इथं रॉकेटचे भाग बनतात म्हणे, ते काय? साखरेतून रॉकेट कसं निघालं?

मामा : पूर्वी साखर कारखान्यांची यंत्रं ग्लासगोसारख्या शहरांतून बोटीनं यायची. वालचंदनगरनं पुढं ती इथंच बनवायला घेतली. उसाच्या गिरणीत खाचा पाडलेले तीन रोलर असतात, दोन खाली, एक वर. त्यांच्यातली फट चुकली की रस चिपाडातच राहतो. असल्या कामावर हात बसलेली माणसं इथं तयार झाली. रॉकेटलाही तोच हात लागतो : जाड पोलादी पत्रा गोल वाकवायचा, सांधा वेल्ड करायचा, एक्स-रे काढून तपासायचा. पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्याचं कवच 2.8 मीटर व्यासाचं. त्याचे भाग इथं बनले. साखरेपेक्षा मला याचंच कौतुक जास्त.

भाची : आणि उसाची शेती?

मामा : 1961च्या कमाल जमीन धारणा कायद्यात कारखान्याची जादा जमीन सरकारजमा झाली, शेती महामंडळाकडं गेली. कारखान्याला खंडानं जमिनी दिलेले शेतकरी, आपण खंडकरी म्हणतो ते, त्या परत मिळाव्यात म्हणून पुढं कित्येक वर्षं भांडत राहिले. कारखानदारीचं कौतुक सांगताना हे कुणी सांगत नाही.

भाची : पण चालायचं कुठं? तुम्ही फिरायला म्हणाला होता.

मामा : कालव्याच्या कडेनं, नाहीतर नीरेच्या काठानं. पलीकडं सोलापूर जिल्हा. आषाढी वारीत याच भागातून तुकोबांची पालखी जाते, बेलवाडीला गोल रिंगण होतं. नदी पुढं नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळते. तिथलं नृसिंहाचं देऊळ मात्र गाडीनंच गाठावं. आणि हिरवा ऊस बघून कंटाळलीस तर कडबनवाडी.

भाची : तिथं काय?

मामा : गवताचा माळ. कालवा आला नसता तर इथला बराच भाग असाच कोरडा दिसला असता. चिंकारा हमखास, नशीब असेल तर लांडगा. वनखात्यानं सफारी सुरू केलीय. नोंदणी करून पहाटेच जायचं. ऊन चढलं की जनावर दिसत नाही.