तेल्या व खैऱ्या : एक जात, दोन रोग

आमच्या गावच्या एका बागायतदाराच्या कानी आले की, डाळिंबावरील तेल्या व लिंबावरील खैऱ्या हे रोग एकाच जातीच्या जंतूंपासून होतात. झाले! डाळिंबाच्या रक्षणार्थ बांधावरील फळती लिंबे तोडण्यास तो सिद्ध झाला. जंतूंची 'जात' म्हणजे काय, हे नीट समजल्यास असा अनर्थ टळेल, म्हणून हा लेख लिहीत आहो.

पूर्वी जंतु ज्या झाडावर सापडे, त्या झाडावरून बहुधा त्याचे नाव पडे. तेल्याच्या जंतूस १९५९ साली 'झँथोमोनास प्युनिकी' असे स्वतंत्र नाव मिळाले. १९९५ साली त्यास 'ॲक्सोनोपोडिस' या जातीत घातले. पुढे २०१२ साली चंडीगढच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी त्याचा जनुकसंच प्रसिद्ध केला.

जनुकसंच हा जंतूचा मूळ दस्तऐवज होय. तो चारच अक्षरांत लिहिलेला असून या जंतूत अशी सुमारे ५० लक्ष अक्षरे आहेत. महसुली दप्तरात असता दोन नकला एकाच मुळाच्या आहेत की नाहीत, हे आम्ही ओळीस ओळ लावून ताडीत असू. शास्त्रज्ञही एका संचाचे सुमारे हजार हजार अक्षरांचे तुकडे पाडून दुसऱ्यात त्यांचे जोड शोधतात व साम्याची सरासरी काढतात. ती शेकडा ९५-९६ किंवा अधिक भरल्यास सामान्यतः जात एक मानतात. तेल्या व खैऱ्या यांचे जंतु या कसोटीस उतरले, म्हणून दोहोंस आता 'झँथोमोनास सिट्री' म्हणतात.

परंतु शेकडा एकच अक्षर निराळे धरले, तरी ५० लक्षांत ५० हजारांचा फरक पडतो! एका आडनावाच्या दोन घरांचा धंदा एकच असतो काय? म्हणूनच जातीच्या नावापुढे उपप्रकार लिहितात : डाळिंबाचा 'प्युनिकी', लिंबूवर्गाचा 'सिट्री'. जातीचे नाव नाते सांगते. रोग कोणत्या झाडाचा, हे उपप्रकार सांगतो.

तेव्हा लिंबावर कुऱ्हाड चालविण्याचे कारण नाही. तेल्या पसरतो तो रोगट कलमांतून, छाटणीच्या कात्रीतून व पावसाच्या उडत्या थेंबांतून. निरोगी रोपे आणावी, झाडागणिक कात्री निर्जंतुक करावी, रोगट फळे-पाने वेचून जाळावी. आमच्या त्या बागायतदारास इतके पटले. त्याची लिंबे आजही बांधावर उभी आहेत.