दहा मार्कांची शिदोरी

१३ जुलै १९३८. जर्मनीहून हॉलंडकडे निघालेल्या आगगाडीत एकोणसाठ वर्षांच्या एक विदुषी बसल्या होत्या. जवळ दोन लहान पेट्या, खर्चाला अवघे दहा मार्क आणि एक हिऱ्याची अंगठी. सीमेवरील पहारेकऱ्यांचे हात ओले करण्याची वेळ आलीच तर असावी, म्हणून सहकारी ऑटो हान यांनी आपल्या आईची ही अंगठी त्यांना दिली होती. त्या विदुषींचे नाव लीझ माइट्नर.

लीझबाई मूळच्या व्हिएन्नाच्या. १९०७ साली त्या बर्लिनला आल्या, तेव्हा तेथील प्रयोगशाळेत स्त्रियांना मज्जाव होता. तळघरातील सुतारकामाच्या जुन्या खोलीत त्यांनी संशोधनास आरंभ केला आणि पुढे त्या एका विख्यात संस्थेच्या भौतिकी विभागाच्या प्रमुख झाल्या. परंतु त्यांचा जन्म ज्यू कुळातला. १९३३ साली हिटलरच्या राजवटीने त्यांचा अध्यापनाचा अधिकार काढून घेतला. १९३८ च्या मार्चमध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला व त्यांचे ऑस्ट्रियन पारपत्रही निरुपयोगी ठरले.

अंगठी द्यावी लागली नाही. डच शास्त्रज्ञ डर्क कोस्टर सोबतीला होते. गाडी सुखरूप सीमेपार गेली.

पुढे स्टॉकहोम येथे आसरा मिळाला खरा. पण हाताशी ना उपकरणे, ना मदतनीस. तीस वर्षांचा संसार मागे राहिला होता. तशातच डिसेंबरात हान यांचे पत्र आले. युरेनियमवर न्यूट्रॉनचा मारा केला असता बेरियम सापडले होते! एवढ्या जड अणूपासून इतके हलके द्रव्य कसे निघावे?

नाताळात कुंगेल्व गावी भाचा ऑटो फ्रिश भेटीस आला. तोही निर्वासितच. दोघे बर्फातून फिरावयास निघाले. फ्रिश बर्फावर घसरपट्ट्या लावून, तर लीझबाई पायीच. वाटेत एका ओंडक्यावर बसून त्यांनी कागदाच्या कपट्यांवर आकडेमोड आरंभली. पाण्याचा थेंब ताणला की मध्ये बारीक होतो व त्याचे दोन थेंब होतात. युरेनियमचा अणुगर्भही तसाच दुभंगत असला पाहिजे! त्यात प्रोटॉनच्या सुमारे एकपंचमांश वस्तुमान लोप पावते आणि त्याचीच प्रचंड ऊर्जा होते. लीझबाईंना आइन्स्टाइनचे सूत्र मुखोद्गत होते. हिशेब तंतोतंत जुळला. उपकरणांवाचून, परक्या देशात, अणुविभाजनाचे कोडे असे उलगडले.

१९४४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मात्र एकट्या हान यांना मिळाले. हा न्याय झाला, असे कोण म्हणेल? अणुबॉम्बच्या कामासाठी लीझबाईंना बोलावणे आले, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. त्या १९६८ साली वारल्या. १०९ व्या मूलद्रव्याला 'माइट्नेरियम' हे नाव मिळाले ते १९९७ साली.