‘सिट’ व ‘सीट’ : बसणे आणि बसवणे

इंग्रजीतील ‘सिट’ व ‘सीट’ या दोन क्रियापदांची प्राथमिक वर्गांत नेहमी गल्लत होते. बसणारा कोण व बसवणारा कोण, हा त्यांतील मुख्य भेद होय. मराठीत तो ‘बसणे’ व ‘बसवणे’ या जोडीने व्यक्त होतो. म्हणून पाठाचा आरंभ मातृभाषेपासून करावा.

१. अर्थ : ‘सिट’ हे बहुधा अकर्मक असते. ‘द बॉय सिट्स ऑन द मॅट’, म्हणजे मुलगा चटईवर बसतो. ‘सीट’ हे सकर्मक आहे. ‘द टीचर सीट्स द बॉय नियर द विंडो’, म्हणजे गुरुजी मुलाला खिडकीजवळ बसवतात. यास्तव ‘आय सीट ऑन द बेंच’ हे वाक्य अशुद्ध होय; तेथे ‘सिट’ पाहिजे.

२. रूपे : सिट, सॅट, सॅट, सीट, सीटेड, सीटेड. सभेत ‘प्लीज बी सीटेड’ ही विनंती ‘सिट डाउन’पेक्षा अधिक आदराची ठरते. ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराज सिंहासनारूढ झाले, हे सांगताना ‘सीटेड ऑन द थ्रोन’ असा प्रयोग शोभतो.

३. इतर उपयोग : महाड-पोलादपूरच्या मुलांना ‘सीट’ हे नाम एस. टी. गाडीमुळे परिचित असते. क्रियापद म्हणून ‘द बस सीट्स फॉर्टी’ याचा अर्थ, गाडीत चाळीस जणांच्या बसण्याची सोय आहे.

४. उच्चार : पहिल्यात इकार ऱ्हस्व, दुसऱ्यात दीर्घ. मराठी बोलण्यात हा भेद पुष्कळदा पुसट होतो. तरी तोंडी सराव भरपूर घ्यावा.

५. विशेष : सातारच्या शाळेत बाल भीमराव आंबेडकरांना वर्गात वेगळे, कोपऱ्यात बसावे लागे, बसावयास गोणपाटही घरूनच न्यावे लागे. ‘ही सॅट अपार्ट’, म्हणजे तो वेगळा बसला, एवढेच म्हटल्यास बसवणारा दृष्टीआड राहतो. ‘दे सीटेड हिम अपार्ट’, म्हणजे त्यांनी त्याला वेगळे बसवले, असे म्हटले की दायित्व कोणाचे ते कळते. याच आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून समान हक्क बजावला.

६. अभ्यास : प्रत्येक विद्यार्थ्याकडून दोन्ही क्रियापदांचे एकेक वाक्य करून घ्यावे. ‘सीट’ या क्रियापदाचा वर्गातील कर्ता शिक्षक असतो. तेव्हा कोणते मूल कोठे व कोणत्या कारणाने बसविले आहे, हे शिक्षकांनी त्याच दिवशी एकदा पाहावे.